‘मले दे’ म्हणेपर्यंत

“जीभ जड हाय त्याची. बोलन हळूहळू. त्याचा बापही चार वर्साचा झाल्यावरच बोलला.”

यवतमाळ जिल्ह्यात बोलायला उशीर लागलेल्या मुलाच्या घरी हे वाक्य हमखास कानी पडतं. बहुतेक वेळा आजी म्हणते, आणि मायेनंच म्हणते. काही मुलांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण काही मुलं हाक मारली तरी वळून पाहत नाहीत. वर्ष उलटलं तरी चंद्राकडे, कुत्र्याकडे, दारातल्या बैलजोडीकडे बोट दाखवत नाहीत. खेळण्यातल्या गाडीचं चाक तासभर फिरवत बसतात, आणि आलेले दोन-चार शब्दही दीड-दोन वर्षांच्या सुमारास हरवून बसतात. अशा मुलाची जीभ ठणठणीत असते. अडलेलं असतं ते त्याआधीचं काहीतरी: ‘मी पाहतो ते तूही पाहा’ ही साधी देवाणघेवाण, जिच्यावर पुढे भाषेची सगळी इमारत उभी राहते. याला आपण स्वमग्नता म्हणतो, ऑटिझम म्हणतो. कानांची तपासणी मात्र सगळ्यांत आधी व्हायला हवी. ऐकू न येणारं मूलही हाकेला ओ देत नाही.

या मुलांना भाषा शिकवण्याची सर्वांत परिणामकारक पद्धत कोणती, यावर जगात साठेक वर्षं वाद चालू आहे. यवतमाळातून पाहताना त्याला आणखी दोन प्रश्न जोडावे लागतात: शिकवायचं कोणी, आणि कोणत्या भाषेत? १६ तालुक्यांच्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार २७ लाख ७२ हजार माणसं राहतात. उमरखेडहून यवतमाळला यायचं तर शंभराहून जास्त किलोमीटर, तिथून पुढे नागपूर दीडशेच्या घरात. एका तासाच्या उपचारासाठी अख्खा दिवस एसटीत, एका माणसाची मजुरी बुडालेली, आणि स्टँडवरच्या भोंग्यांनी मूल कान दाबून रडवेलं झालेलं. एवढ्या पायपिटीनंतर त्या तासात मूल काय शिकणार? पद्धतीची पारख करताना हा हिशोब धरावाच लागतो.

स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी केलं. त्यांनी पाहिलेल्या ११ मुलांपैकी ८ बोलत होती, पण ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणायची, ‘मी’च्या जागी ‘तू’ वापरायची. पुढे दोन दशकं वैद्यकशास्त्रानं एक मोठा अन्याय केला. मुलं अशी होतात ती आईच्या थंडपणामुळे, असं नामवंत मंडळी लिहीत राहिली. स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली पुस्तक लिहून ही समजूत मोडीत काढली आणि मेंदूच्या घडणीकडे लक्ष वेधलं. ग्रंथांतून ती गेली, पण गावातून गेली नाही. ‘माय दिवसभर वावरात असते, पोराशी बोलत नाही’, ‘मोबाईल देऊन देऊन असं झालं’ हे आजही बाईला ऐकवलं जातं. मोबाईलमुळे स्वमग्नता होत नाही. पडद्यासमोर गेलेला वेळ देवाणघेवाणीतून वजा होतो, एवढं मात्र खरं, आणि तेवढंच त्या आईला सांगावं. ज्या बाईला पुढची दहा वर्षं या मुलाची पहिली शिक्षिका व्हायचं आहे, तिला सुरुवातीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून चालणार नाही.

पद्धतींच्या इतिहासात सर्वांत गाजलेलं नाव आयव्हर लोवास यांचं. कॅलिफोर्नियातल्या या मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान वयाच्या १९ मुलांना आठवड्याला ४० तास, दोन वर्षं आणि त्याहूनही अधिक, समोरासमोर बसवून शिकवलं. एक सूचना, एक उत्तर, एक बक्षीस, पुन्हा तेच. ‘बॉल म्हण’, मूल ‘बॉ’ म्हणालं की खाऊ. १९ पैकी ९ मुलं बुद्ध्यांक आणि शाळा या दोन्ही बाबतींत इतर मुलांच्या बरोबरीला आली, असा त्यांचा दावा होता. त्यातून वर्तन-विश्लेषणाची, म्हणजे एबीएची, लाट जगभर पसरली; मुंबई-पुण्याच्या केंद्रांतही हे नाव आता नेहमीचं आहे. पण तुलनेसाठी केलेली मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, आणि त्या काळच्या पद्धतीत ओरडणं, मांडीवर चापट मारणं हेही बसत होतं, हे लपवू नये. या पद्धतीतून गेलेल्या अनेक स्वमग्न माणसांनी मोठेपणी आपल्या त्रासाबद्दल लिहिलं आहे. ते वाचल्यावर मला तरी ‘मूल आज्ञेत आलं’ हे भाषेचं माप वाटत नाही.

शिवाय तासांचं गणित आहेच. ४० तास म्हणजे रविवार सोडून रोज साडेसहा तासांहून जास्त. निंदणाच्या, वेचणीच्या दिवसांत यवतमाळच्या शेतकरी घरात एवढा वेळ कुणाकडे असतो? शहरातलं केंद्र हे तास विकतं, आणि तास कमी पडले म्हणून मूल मागे राहिलं अशी टोचणी आई-बापाच्या मनाला लावून देतं. त्या टोचणीपायी वावर गहाण टाकायची वेळ कुणावरही येऊ नये.

लोवास यांच्याच परंपरेतून पुढे वेगळी वाट फुटली. रॉबर्ट आणि लिन कोगेल या दांपत्यानं आणि इतरांनी टेबल-खुर्ची सोडून मुलाच्या खेळात शिरायला सुरुवात केली. मुलाला जे हवं आहे तेच बक्षीस: गाडी म्हटलं तर गाडी मिळते, खडीसाखर नव्हे. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांचं ‘अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल’ याच घराण्यातलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दीड ते अडीच वर्षांची ४८ मुलं होती, विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली होती, आणि दोन वर्षांनंतर या पद्धतीनं शिकलेल्या मुलांची भाषा नि समज अधिक वाढलेली दिसली. कॉनी कॅसारी यांनी तर ‘दोघांनी मिळून एका गोष्टीकडे पाहणं’ हेच शिकवण्याचं केंद्र केलं. आज पुराव्याचं पारडं या खेळातून, दिनक्रमातून शिकवण्याच्या पद्धतींकडे झुकलेलं आहे.

हे घरात कसं दिसतं? समजा, मुलाला फुटाणे फार आवडतात. फुटाणे पारदर्शक बरणीत, झाकण घट्ट, बरणी त्याच्या नजरेसमोर पण त्याला उघडता येणार नाही अशी. आई शेजारी जमिनीवर बसते, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. मूल बरणी ओढतं, आईचा हात धरून झाकणावर ठेवतं, पण आईकडे पाहत नाही. इथे बहुतेक आया दोनपैकी एक चूक करतात. एक तर लगेच बरणी उघडून देतात, कारण पोराचा जीव तुटलेला पाहवत नाही. नाही तर ‘काय पायजे? बोल ना. फुटाणे म्हण. म्हण फुटाणे. काहून नाही म्हणत?’ असा भडिमार सुरू होतो. शिकवणारी व्यक्ती आईला थांबायला सांगते. गप्प. मनात पाच आकडे मोजायचे, चेहऱ्यावर वाट पाहणारं हसू ठेवायचं. तेवढ्यात मूल निमिषभर वर पाहतं, किंवा ‘उं’ असा आवाज काढतं. त्याच क्षणी आई म्हणते, ‘दे! मले दे!’ आणि दोन फुटाणे त्याच्या तळहातावर ठेवते. दोनच. म्हणजे पुन्हा मागण्याचं निमित्त उरतं. जेवताना, अंघोळीच्या वेळी, शेळीला पाला टाकताना अशी निमित्तं दिवसाकाठी पन्नास सापडतात, आणि त्यांचं शुल्क लागत नाही.

ही पाच आकड्यांची वाट पाहणं शिकवायला तज्ज्ञच लागतो का? याचं उत्तर शोधण्याचा फार मोलाचा प्रयत्न आपल्या शेजारी, गोव्यात झाला. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेनं पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या सहकाऱ्यांसोबत ‘पास’ नावाचा प्रयोग केला. मूळ पद्धत इंग्लंडची, जोनाथन ग्रीन यांच्या गटानं घडवलेली. ती घेऊन दक्षिण आशियातल्या घरांना जुळेल अशी करण्यात आली. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं, आणि शिकवायला या विषयाची पदवी नसलेले, खास प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते. कार्यकर्ती घरी जायची, आई-मुलाच्या खेळाचं थोडा वेळ चित्रण करायची, आणि मग तेच चित्रण आईसोबत बसून पाहायची. ‘इथे बघा ताई, त्यानं तुमच्याकडे पाहिलं होतं.’ धावपळीत निसटलेला तो क्षण आईला दिसायचा. मुलाला थेट शिकवणं त्यात जवळजवळ नव्हतंच. मुलाचे बारीक इशारे ओळखून त्यांना प्रतिसाद द्यायला आई-बापांना शिकवायचं होतं.

२०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या लक्षाशी अधिक जुळू लागला होता, आणि मुलं आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली होती. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र वाढण्याऐवजी घटलेला आढळला. प्रयोग लहान होता, आणि त्याचं मुख्य मोजमाप शब्दसंख्येचं नव्हतं, देवाणघेवाणीचं होतं. चमत्कार म्हणून तो कुणी विकू नये. पण इंग्लंडमध्ये याच पद्धतीच्या १५२ मुलांच्या प्रयोगाचा मागोवा सुमारे सहा वर्षांनी घेतला, तेव्हाही लक्षणांतला फरक टिकून होता. पदवीधर वाचा-उपचारतज्ज्ञ तालुक्याला एक मिळेल तेव्हा मिळेल. आशाताई आणि अंगणवाडी सेविका आज गावात आहेत. ‘संगाथ’नं जे केलं ते यवतमाळच्या झरी-जामणी तालुक्यात का होऊ नये, हा प्रश्न मला मनापासून विचारावासा वाटतो. फक्त त्या कामाचं मानधन वेगळं द्यावं लागेल. सेविकेच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवून ते होणार नाही.

आता चित्रांकडे येऊ, कारण इथे घरोघर एक भीती आहे: ‘चित्र दाखवून काम भागलं तर पोरगं बोलणारच नाही.’ अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये चित्र-देवाणघेवाणीची पद्धत, पेक्स, सुरू केली. तिच्या पहिल्या पायरीला दोन मोठी माणसं लागतात. समोरच्याच्या हातात मुलाच्या आवडीची वस्तू. मुलाच्या मागे दुसरी व्यक्ती गप्प बसलेली. मूल वस्तूकडे झेपावतं तेव्हा मागची व्यक्ती त्याचा हात धरून जमिनीवरचं चित्र उचलायला आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करते. समोरचा लगेच वस्तू देतो आणि तिचं नाव घेतो. ‘काय पाहिजे?’ असं कुणीही विचारायचं नाही, कारण मुलानं आपणहून माणसाकडे जाणं हेच शिकवायचं आहे. मागचा हात हळूहळू सैल होत जातो. भिंतीवर तक्ता लावून ‘बोट ठेव’ म्हणणं आणि हे यांत मोठा फरक आहे. घरी छापील संच लागत नाही. बिस्किटाच्या पुड्याचं कापलेलं वेष्टनही चित्र म्हणून चालतं.

भीतीबद्दल सांगायचं तर २००६ साली जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. तपशील नीट नोंदवलेल्या २७ जणांत चित्र, खुणा किंवा यंत्र दिल्यामुळे बोलणं घटलेला एकही निघाला नाही. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. मात्र पेक्सचं दुसरं अंगही सांगायला हवं. इंग्लंडमधल्या शाळांत ८४ मुलांवर केलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिक्षकांना प्रशिक्षण चालू असेपर्यंत मुलं चित्रं अधिक वापरत होती. प्रशिक्षणाचा पाठिंबा थांबल्यावर तो परिणाम ओसरला. दोन दिवसांचं शिबिर, समारोपाचा फोटो आणि प्रमाणपत्र यांवर विसंबणाऱ्या आपल्या यंत्रणेनं हा निष्कर्ष भिंतीवर लावावा. कॅसारी यांच्या गटानं २०१४ साली पाच ते आठ वर्षांच्या, अगदी थोडे शब्द असलेल्या ६१ मुलांवर प्रयोग केला, त्यात खेळातून शिकवण्याला बोलणाऱ्या यंत्राची जोड दिलेली मुलं पुढे गेली. असं यंत्र आता साध्या मोबाईलमध्ये मावतं. आयआयटी मुंबईत घडलेलं ‘जेलो’ हे अ‍ॅप मराठीतही बोलतं. ज्या घरात मोबाईलला मुलाचा शत्रू ठरवलं गेलं आहे, तिथेच तो मुलाचा आवाज होऊ शकतो.

बोलणाऱ्या मुलांचाही प्रश्न सोपा नसतो. मूल भूक लागली की आईकडे येऊन ‘भूक लागली काय?’ असं विचारतं. लोक हसतात. पण ते प्रश्न विचारत नसतं. भुकेच्या वेळी आपल्या कानावर जे पडलं ते अख्खं वाक्य उचलून परत देत असतं. पूर्वी ही पोपटपंची मोडून काढण्यावर भर होता. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी १९८१ साली दाखवून दिलं की लगेच केलेल्या या प्रतिध्वनींनाही अर्थ असतो: कुणी पाळी राखतं, कुणी होकार देतं, कुणी मागतं. तेव्हा उपाय सोपा आहे. आईनं प्रश्न विचारण्याऐवजी मुलाच्या तोंडी शोभेल तेच वाक्य बोलावं: ‘मले भूक लागली.’ मूल उचलेल ते योग्य वाक्य उचलेल. या निरीक्षणावर हल्ली ‘गेस्टाल्ट’ नावाखाली एक पूर्ण उपचारपद्धती उभी केली जाते. तिच्यामागचा पुरावा अजून तोकडा आहे. प्रतिध्वनीचा मान राखावा, पण त्यासाठी महागडा अभ्यासक्रम घेण्याची गरज नाही.

मराठीचे स्वतःचेही काही काच आहेत, आणि इंग्रजीतून आलेल्या पुस्तकांत ते सापडत नाहीत. मराठी क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग दाखवतं. दिवसभर आईचं ऐकणारा मुलगा ‘मी जाते’ म्हणू लागतो. इतर मुलं यातून लवकर सुटतात, स्वमग्न मूल वर्षानुवर्षं त्यात अडकू शकतं. (वऱ्हाडी बोलणाऱ्या बऱ्याच घरांत बायाही ‘मी येतो’च म्हणतात, तिथे हा काटा आपोआप निघतो.) ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद तर ऐकणारा त्यात आहे की नाही यावर ठरतो, म्हणजे स्वमग्न मुलाला जे अवघड तेच व्याकरणानं मागितलेलं. सुरुवातीला सर्वनामं बाजूला ठेवून नावं वापरणं सोपं वाटतं, पण मग मूल स्वतःलाच नावानं हाक मारत राहतं. त्यापेक्षा ‘मले दे’, ‘मले नको’, ‘मी चाललो’ अशी तयार, पुरी वाक्यं त्याच्या बाजूनं, त्याच्या वतीनं बोलून दाखवावीत. काही मुलांना बोलण्याआधी अक्षरांची गोडी लागते; एसटीच्या पाट्या वाचणारं पण पाणी न मागणारं मूल असू शकतं. देवनागरीत अक्षर आणि उच्चार बरेचसे जुळतात, म्हणून अशा मुलासाठी लिहिलेला शब्द ही बोलण्याची पायरी होते.

आणि घरची बोली? इथे मला सर्वांत जास्त कळकळीनं सांगायचं आहे. ‘घरात एकच भाषा ठेवा, शाळेची ठेवा’ असा सल्ला अजूनही दिला जातो. कॅनडात आणि इतरत्र झालेल्या तुलनांत दोन भाषांच्या घरातली स्वमग्न मुलं एका भाषेच्या घरातल्या मुलांपेक्षा मागे पडलेली आढळली नाहीत. पुसद-दिग्रसच्या बंजारा तांड्यावर मूल आईला ‘याडी’ म्हणतं. केळापूर, मारेगाव, झरी-जामणीच्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, पाणी म्हणजे ‘ईर’, गोंडाच्या घरी ‘येर’. वणी-पांढरकवड्याच्या बाजूला तेलुगू कानावर पडते, शहरांत उर्दू आणि हिंदी. आईला तिची बोली सोडून प्रमाण मराठीत बोलायला लावलं की ती कमी बोलते, अडखळत बोलते, गाणं तर म्हणतच नाही. ज्या मुलाला भाषेची धार मुळात बारीक मिळते, त्याची तीही आटते. कार्डावर चित्र काहीही असो, त्याच्यासोबत उच्चारायचा शब्द घरात बोलला जातो तोच असावा. ‘मला पाहिजे’ शिकवलेल्या मुलाला घरात सगळे ‘मले पायजे’ म्हणताना दिसले, तर त्यानं कुणाचं खरं मानायचं?

सरकारी रचना कागदावर वाईट नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याच्या पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करायची असते, आणि भाषेतला उशीर व स्वमग्नता दोन्ही त्याच्या यादीत आहेत. संशयित मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं असतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे. अडतं ते तपासणी आणि शिकवणं यांच्या मधल्या जागेत. प्रमाणपत्र मिळतं, पण उद्या सकाळी मुलाशी काय करायचं हे आईला कुणी करून दाखवत नाही. गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकानं महिन्यातून दोनदा घरी जाऊन एक तास आईसोबत बसावं, एवढ्यानं सुद्धा पुष्कळ फरक पडेल.

दुसऱ्यानं हात धरून अक्षरांवर टेकवत ‘मुलाकडून’ मोठमोठी वाक्यं लिहवून घेणाऱ्या पद्धतीपासून मात्र दूर राहावं. शब्द हात धरणाऱ्याचे असतात, हे चाचण्यांत वारंवार उघड झालं आहे. बोलतं करण्याची हमी देणाऱ्या औषधांवर, इंजेक्शनांवर पैसा घालू नये.

वय निघून गेलं, असंही कुणी म्हणू नये. २०१३ साली अमेरिकेत ५३५ मुलांची माहिती तपासली गेली. ही मुलं चार वर्षांची होऊनही शब्द जोडून बोलत नव्हती. पुढे त्यांतली ७० टक्के वाक्यांश बोलू लागली, जवळजवळ निम्मी सफाईनं. उरलेल्यांसाठी चित्रांची वही आहे, आणि ती चौदाव्या वर्षीही सुरू करता येते. तिच्या पहिल्या पानावर लोक हौसेनं आंबा, हत्ती, पतंग लावतात. त्याऐवजी चार चित्रं लावावीत: पाणी, नको, थांब, आणि दुखते. शेवटच्या चित्राशेजारी माणसाच्या शरीराची साधी आकृती काढावी. रात्री दोन वाजता मूल डोकं भिंतीवर आपटतं तेव्हा घरचे त्याला ‘अंगात आलं’ म्हणतात, डॉक्टर ‘वर्तनसमस्या’ लिहितात. बोट आकृतीच्या कानावर गेलं, तर सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात कानच तपासला जाईल.